रिकामा हात

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळचे सव्वासहा. ब्रश धुऊन जुन्या बनियनला पुसत होतो, तेव्हा तुला उत्तर लिहायचं राहिल्याचं आठवलं.

प्रिय आत्यास,
सप्रेम सलाम.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात तू पुन्हा 'आशिर्वाद' लिहिलं आहेस. शी दीर्घ असते. आशीर्वाद. मी आठवीत शाळा सोडली, पण वेलांटी सोडली नाही. पाटीवर चूक झाली तर लोक दुकानदाराला हसतात, रंगाऱ्याला नाही, तरी झोप माझी उडते. तू म्हणशील, टिंब्या तो टिंब्याच. म्हण.

आता बातमी. आजवर मी न्हाव्याची कात्री काढली, टायरवाल्याचा टायर काढला, दंतवैद्याचा दात काढला. (चित्रातला.) तो दात इतका हुबेहूब झाला की माणसं दारातूनच परत जायची आणि दंतवैद्याने मला अर्धेच पैसे दिले. पण या वेळी आमच्या चर्चच्या मंडळीने मला वेदीमागचं चित्र सांगितलं आहे. माणसापेक्षा उंच फळ्या आहेत. प्रभू उभा आहे, एक हात वर करून आशीर्वाद देतो आहे आणि दुसऱ्या हातात भाकर आहे. खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द: आशीर्वाद. दीर्घ.

आत्या, मला मोठमोठ्या शब्दांत प्रार्थना जमत नाही. उपासनेत लोक उभं राहून घडाघडा बोलतात आणि माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून मी ब्रशनेच काय ते बोलतो. सकाळी रंग कालवला की एवढंच म्हणतो, "प्रभू, हात धर," आणि सुरू करतो. या चित्रासाठी मात्र एक जादा मागितलं आहे. हे बघून कुणी एक माणूस, बाहेर राहिलेलं, आत यावं. एकच पुरे.

हातांची मात्र पंचाईत झाली होती. चेहरा मनात होता, पण हात समोर असल्याशिवाय जमत नाहीत. पाळकसाहेबांना बसवलं, तर ते बोलल्याशिवाय बसत नाहीत आणि हात हलवल्याशिवाय बोलत नाहीत. फळ्या ज्यांनी दिल्या त्या वखारवाल्यांना विचारलं, तर ते आनंदाने बसले, पण त्यांच्या चार बोटांत पाच अंगठ्या. काढायला सांगितल्या तर म्हणाले, "देवाला दोन राहू दे की, शोभतील." शेवटी मी माझाच हात घेतला. समोर धरायचा, बघायचा, काढायचा. दोन्ही हात तसेच केले. पैसे पडत नाहीत आणि हात हलत नाही.

वखारवाल्यांची एक अट आहे. चित्राखाली त्यांचं नाव हवं, आणि अक्षर प्रभूच्या पावलापेक्षा लहान नको.

आणखी एक विचारतो. विचारणार नाही म्हणालो होतो, पण विचारतो. तू रविवारी उपासनेला जातेस का?

तुझा,
भाचा

ता. क. वर सहीत भाचा लिहिलं. आत्याला मी भाचा नसतो, भाचा मामाचा. मी भाचरू की पुतण्या हे शाळेत शिकायच्या आत शाळा सुटली. कळव.


९ फेब्रुवारी

चि. टिंब्यास,
अनेक आशिर्वाद. वेलांटी तुला हवी ती घालून घे. मी टाके घालते, वेलांट्या नाही.

अरे, भाऊ माझा, त्याचं पोर तू. माझा भाचाच तू! पुतण्या तू काकाचा. एवढ्यासाठी ता. क. लिहिणारा माणूस जगात एकच आणि तो नेमका आमच्या घरात.

इथे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. गुंड्या लावून लावून बोटांना भोकं पडायची वेळ आली. त्यात त्या शाळेच्या बाई येऊन म्हणतात, "तुमचे टाके उलट्या बाजूला कलतात हो." म्हटलं, पोरं पडली की सदरा फाटतो का ते बघा. टाका कुठे कलतो हे बघायला कोण सदऱ्यात शिरतंय?

तुझं चित्र ऐकून बरं वाटलं. तुझ्या बापाला साधी रेघ सरळ यायची नाही. त्याच्या पोराने देव काढावा, म्हणजे देवालाही गंमत वाटली असेल.

पण मला एक कळेना. हात तुझाच समोर धरलास आणि बघून काढलास म्हणतोस. मग ब्रश काय दातांत धरला होतास?

वखारवाल्याचं नाव पावलाएवढं घाल हो. पावलाखाली येईल असं बघ म्हणजे झालं.

रविवारचं विचारलंस. रविवारी मशीनला तेल घालायचं असतं.

तुझी
आत्या


१४ फेब्रुवारी, शनिवार
दुपारचे तीन. शेवटचा हात देऊन झाला, वार्निश वाळत आहे, मी माशा हाकत बसलो आहे.

प्रिय आत्यास,
सप्रेम सलाम.

वेलांटी पुन्हा ऱ्हस्व. असो. भाच्याबद्दल आभार, ते पक्कं झालं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ब्रश दातांत धरला नव्हता. दातांत धरल्यास लाळेने रंग फुटतो, आणि शिवाय पांढऱ्या रंगात शिसं असतं. ब्रश नेहमीप्रमाणे उजव्या हातात होता. तुला असं का वाटलं, कळलं नाही.

चित्र पूर्ण झालं. वर केलेला हात सगळ्यांत चांगला झाला आहे असं मला वाटतं. (गर्व नको, म्हणून 'वाटतं'.) तळहातावरच्या रेघा मी माझ्या मोजून काढल्या. रंगाने भेगाळलेलं बोट तसंच ठेवलं. प्रभू सुतार होता, त्याचेही हात मऊ नसणार. पाळकसाहेब बराच वेळ बघत उभे राहिले, आणि आत्या, ते बोलले नाहीत! हातसुद्धा हलवला नाही.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, चित्र वेदीमागे चढेल. नावाची जागा वखारवाल्यांनी स्वतः फुटपट्टीने आखली. माझ्या 'आशीर्वाद'पेक्षा त्यांचं नाव दोन बोटं मोठं आहे. ते शेवटी लिहीन.

मशीनला दर रविवारी तेल घातल्यास जास्त होऊन ते कपड्यांना लागतं. महिन्यातून एकदा पुरे, असं तूच मला सांगितलं होतंस.

तुझा,
भाचा


१८ फेब्रुवारी

चि. टिंब्यास,
आशिर्वाद.

पत्र पोचलं. उजव्या हातात ब्रश होता, हे वाचून मी दोन कप चहा प्याले आणि एकटीच हसत बसले. शेजारीण विचारते, लग्न ठरलं का कुणाचं?

मी काही बोलत नाही. चित्र चढू दे.

आत्या


२३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळचे आठ. काहीही करत नव्हतो. भिंतीकडे बघत होतो.

प्रिय आत्यास,
सप्रेम सलाम.

घात झाला.

काल चित्र चढलं. पडदा ओढला तेव्हा मंडळी बाकांवरून उठून बघू लागली. एक म्हातारी रडली. मला वाटलं, प्रभू, हात धरलास. पहिलं गीत झालं, दुसरं झालं, आणि ऑर्गनवाल्या बाई वाजवता वाजवता थांबल्या. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला. चित्राकडे बघितलं. मग डावा वर केला. पुन्हा चित्राकडे बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, हा डावा आहे."

आत्या, मग सगळ्या मंडळीने हात वर केले. आधी उजवे, मग डावे. पाळकसाहेबांना वाटलं, अचानक सगळ्यांना स्फुरण चढलं.

प्रभूचा उजवा दंड, उजवं मनगट, आणि पुढे डावा हात! अंगठा बाहेरच्या बाजूला. भाकरीचा हात डावाच हवा होता, तो डावाच आहे. म्हणजे प्रभूला दोन्ही डावे. मी उजव्या हातात ब्रश धरून डावा समोर धरला होता. मोकळा तोच होता ना. तू दातांचं विचारलंस ते का, हे मला काल कळलं. तू आधीच ओळखलं होतंस. मग सांगितलं का नाहीस? मी तुझ्यावर रागावलो आहे. (हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, म्हणून डाग आहे.)

वखारवाले उभे राहून ओरडले, "फळ्या माझ्या, खर्च माझा, आणि देव डावखुरा? अशा चित्राखाली माझं नाव घालाल तर याद राखा! फळ्या उलट्या फिरवा. मागच्या बाजूवर शिकलेल्या रंगाऱ्याकडून नवं काढून घेऊ." पैशाला तर त्यांनी मला अंगठा दाखवला. उजवा.

आज मी चौकातून जात होतो, तर टायरवाला दोन्ही डावे पाय टाकल्यासारखा चालून दाखवत होता.

शनिवारी पंचांची बैठक आहे. त्याआधी सकाळीच मी अंगठा या बाजूचा त्या बाजूला करून टाकतो. नवीन बारीक ब्रश आणला आहे. तासा-दोन तासांचं काम. रेघा परत मोजाव्या लागतील. चूक सुधारता येते हे बरंच आहे. वाईट एवढंच वाटतं, की रोज 'हात धर' म्हणत होतो, आणि तो धरत नव्हता.

तुझा,
भाचा


२६ फेब्रुवारी

चि. टिंब्या,
आशिर्वाद.

खबरदार त्या अंगठ्याला हात लावशील तर. तंगडं मोडून ठेवीन, आणि कुठलं ते तूच ओळख, डावं की उजवं.

सांगितलं का नाही म्हणतोस? सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी दुरुस्त केलं असतंस. मला ते तसंच हवं होतं. आता का ते ऐक. हे मी तुझ्या बापालाही कधी नीट सांगितलं नाही.

मी डावखुरी. शाळेत पाटीवर डाव्याने लिहिलं की छडी. घरी डाव्याने वाढलं की आईचा डोळा. ते सगळं मी पचवलं. मग बारा वर्षांची झाले तेव्हा पहिल्यांदा प्रभुभोजनाला गेले. नवा झगा होता, स्वतः शिवलेला, टाके उलटे. पाळक भाकर घेऊन समोर आले आणि मी हात पुढे केला. हात पुढे जायचा तो डावाच गेला. त्या वेळचे पाळक खेकसले, "हा हात? देवापुढे?" आणि माझ्या हातावर चापट मारून पुढच्या बाईकडे गेले. सगळी मंडळी बघत होती. तुझी आजी तर जमीन दुभंगेल तर बरं, अशी बसली होती.

त्यानंतर मी गेले नाही. एक रविवार बुडाला, मग दुसरा, मग मशीनला तेल घालायला लागले. देवावर माझा राग नाही रे. फक्त म्हटलं, माझा हात त्याला चालत नसेल तर उगाच कशाला त्याच्या डोळ्यांपुढे नाचवा?

आणि तू लिहितोस, वेदीमागे डावा हात वर आहे, आणि तोही आशिर्वादाला!

मला माहीत आहे ही चूक आहे. मी काही खुळी नाही. तू माझ्यासाठी काढलास असं मी समजत नाही. पण तू शेवटी काय लिहिलंस ते वाच परत. म्हणे तो हात धरत नव्हता. अरे दिवट्या, तू म्हणत होतास हात धर. उजव्यात तुझा ब्रश होता. मग त्याने धरायचा कुठला? जो रिकामा होता तोच धरला असणार. देव डावं-उजवं करत नाही, रिकामा हात बघतो.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. मला घ्यायला येऊ नकोस, शेवटच्या बाकावर बसेन. गाडीखर्चाचं बोलशील तर तिथूनच परत फिरेन.

मशीनला या वेळी तेल आज गुरुवारीच घातलं.

तुझी
आत्या


३ मार्च, मंगळवार
सकाळचे साडेसहा. नवा बारीक ब्रश हातात घेऊन बसलो होतो, न वापरलेला.

प्रिय आत्यास,
सप्रेम सलाम.

तू रविवारी उपासना संपताच गाडी गाठायला पळालीस. शनिवारचं तुला ठाऊक नाही आणि रविवारचं तुझ्या पाठीमागे काय झालं तेही नाही. म्हणून नीट लिहितो.

शनिवारी सकाळी मी रंग कालवून स्टुलावर चढलो होतो. तुझं पत्र खिशात होतं, वाचलं होतं, तरी चढलो. चूक डोळ्यांपुढे असली की माझे हात शिवशिवतात, तुला माहीत आहे. चूक ठेवायची, तीही वेदीमागे, म्हणजे देवापुढे लबाडी नाही का? आणि पुसली, तर तू कशाला येशील? असा मी त्या स्टुलावर लटकलो होतो. सवयीने म्हणालो, "प्रभू, हात धर," आणि आत्या, मला हसू आलं. रिकाम्या देवळात एकटाच हसलो. डावा हात तोल सांभाळायला भिंतीला टेकवला होता. रिकामा तोच होता, आणि धरलेला होता. मी खाली उतरलो.

बैठकीत मी उभा राहिलो. जीभ टाळूला चिकटलीच, पण सोडवली. म्हणालो, "ही चूक आहे. मी ठरवून केलेली नाही, ठरवून केली असं कधी म्हणणार नाही. पण मी ती दुरुस्त करणार नाही."

वखारवाले म्हणाले, "पैसे मिळणार नाहीत."

"नकोत."

"मग फळ्या उलटवा!"

आणि तेव्हा कोण उठलं, सांग. ऑर्गनवाल्या बाई! मी डोळेच मिटले. त्या म्हणाल्या, "या देवळात मी तरुणपणापासून वाजवते. गाणं उजवा हात वाजवतो आणि सगळे त्याच्याबरोबर गातात. ते गाणं खाली पडू नये म्हणून धरून ठेवतो तो डावा. त्याचं नाव आजवर कुणी काढलं नाही. चूक मी दाखवली खरी, पण त्यानंतर आठवडाभर मला तो हातच दिसतोय. राहू दे." वखारवाले म्हणाले, "बाई, तुम्हीच तर ओरडला होतात!" बाई म्हणाल्या, "ओरडले, कारण आधी मलाच दिसलं. तुम्ही नाव आखण्यात गुंतला होतात."

पाळकसाहेबांनी ठरवलं, रविवार होऊ दे, मग बघू.

रविवारी तू शेवटच्या बाकावर निळी शाल घेऊन बसलीस. मी वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. भाकर वाटत पाळकसाहेब तुझ्यापर्यंत आले तेव्हा तू उजवा हात पुढे केलास. मग मागे घेतलास. वर चित्राकडे बघितलंस. आणि शालीतून डावा काढलास.

पाळकसाहेबांना काहीच माहीत नव्हतं. मी तुझी गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांनी नेहमीसारखी भाकर ठेवली आणि पुढे गेले. त्यापुढची उपासना मला नीट दिसली नाही. वार्निशचा वास डोळ्यांना झोंबतो.

एक माणूस आत यावं असं मागितलं होतं. आलं.

आता गंमत. तू गेलीस आणि दुपारपासून माणसं यायला लागली. दोन डाव्या हातांचा देव बघायला म्हणून टायरवाला आला, हसायला, आणि बराच वेळ बसून राहिला. दंतवैद्य आला. म्हणाला, "दात तूच काढला होतास ना? अर्धे राहिले होते," आणि दिले! गावभर एकच विषय. हे बघून काल वखारवाले फुटपट्टी घेऊन हजर. "मी काय म्हणतो, पाळकसाहेब, आता नाव घालायला हरकत नाही. जागा आखलेलीच आहे."

पाळकसाहेबांनी दोन्ही हात छातीवर बांधले. (हे त्यांना किती अवघड गेलं असेल!) म्हणाले, "प्रभूने सांगितलंय, दान असं करा की उजव्याने दिलेलं डाव्याला कळू नये. आणि इथे तर बघा, दोन्ही डावेच. नाव लिहिलं तर दोघांनाही कळेल. काय करायचं?"

वखारवाले चित्राकडे बघत राहिले. मग स्वतःच्या अंगठ्या घातलेल्या हाताकडे. मग फुटपट्टी खिशात घालून गेले. संध्याकाळी माझ्या दाराखालून एक पाकीट आत सरकलं. बाहेर कुणी नव्हतं, फक्त चार बोटांत पाच अंगठ्या घातलेला माणूस कोपऱ्यावरून पळताना दिसला.

पुढच्या रविवारीही ये. तेल महिन्यातून एकदाच.

तुझा,
भाचा

हिशोब:
रंग, टर्पेंटाइन, वार्निश: तीनशे वीस. दिले.
बारीक ब्रश, अंगठा दुरुस्तीसाठी: पंचेचाळीस. वाया. कोराच ठेवणार आहे.
चित्राची मजुरी: पूर्ण मिळाली. पाकिटावर नाव नाही.
दंतवैद्याकडून जुनी बाकी: मिळाली.
आत्याचा गाडीखर्च: देणं होतं, घेऊ दिलं नाही. पुढच्या फेरीत वळता करावा.
आत्याकडून येणं: एक आशिर्वाद. डाव्या हाताने. शि ऱ्हस्व चालेल.